दीडशे डॉलरचे मेंढीचे बूट आणि बारा वर्षांची लेक

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते. त्यांची लेक बारा वर्षांची, सातवीत आहे. गेल्या हिवाळ्यापासून तिचा एकच हट्ट, अग्ज हवेत, सगळ्यांकडे आहेत. म्हणजे ते मेंढीच्या कातड्याचे, बाहेरून मऊ स्वेडसारखे, म्हणजे मखमली चामड्यासारखे, आणि आतून लोकरीचे बूट. जोडीला दीडशे-एकशे साठ डॉलर. तिचे बाबा म्हणतात, आम्हाला जूनमध्ये शाळा सुरू होताना एक जोडी मिळायची आणि ती वर्षभर चालायची, एवढे पैसे बुटांवर अजिबात नाही. साताऱ्याहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या माळकरी, त्यांचं म्हणणं मेंढराचं कातडं घरात नको. ताईंनी मधला मार्ग म्हणून डिस्काउंटच्या दुकानातून पस्तीस डॉलरची तशीच दिसणारी जोडी आणली. लेकीने ती एकदाच घातली आणि मग पिशवी कपाटात मागे सरकवून ठेवली, ते ताईंना फार लागलं, तिला कदरच नाही असं त्या लिहितात. आता इन्स्टावर सत्तर टक्के सूट देणारी एक साइट दिसतेय, आणि मेलबर्नची नणंद म्हणतेय मी इथून स्वस्तात पाठवते. ताई लिहितात, "घेऊन दिले तर ती बिघडेल, नाही दिले तर वर्गात एकटी पडेल. आणि मला खरंच कळत नाही या ओबडधोबड बुटांत आहे तरी काय. २००८ मध्ये लग्न करून मी इथे आले तेव्हाही हेच सगळ्यांच्या पायात होते, मग लोक त्यांना हसायला लागले, आता परत आलेत. मी काय करू?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाच्या आधीचा जो प्रश्न आहे ना, या बुटांत आहे तरी काय, तिथूनच सुरू करते, कारण घरातल्या तिघा मोठ्यांनी आपापलं मत देऊन झालंय पण त्या वस्तूकडे नीट कोणी बघितलेलं दिसत नाही.

हे बूट मुळात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे. तिथे मेंढ्या भरपूर, त्यामुळे कातडीही भरपूर, आणि मेंढ्यांची लोकर कातरणारे लोक, शेतकरी असे बूट थंडीत घालायचे. १९६० च्या दशकात तिथल्या सर्फर मुलांनी ते उचलले, गार पाण्यातून कुडकुडत बाहेर आलं की ओले पाय थेट त्या लोकरीत घालायचे. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून हे बूट मोज्यांशिवाय घालतात. १९७८ मध्ये ब्रायन स्मिथ नावाचा एक ऑस्ट्रेलियन सर्फर, शिक्षणाने अकाउंटंट, तो हे बूट कॅलिफोर्नियात विकायला घेऊन आला. सुरुवातीला त्याने छानछान मॉडेलचे फोटो टाकून जाहिराती केल्या तर माल काही हलेना, मग खऱ्याखुऱ्या, सर्फर पोरांना ओळखीच्या असलेल्या सर्फरचे फोटो टाकले आणि खप वाढायला लागला. ही गोष्ट तुमच्या लेकीला जरूर सांगा, ती मोठी आहे, तिला समजेल. बूट तेच होते, फक्त 'आपल्यातला माणूस हे घालतो' एवढंच बदललं होतं.

१९९५ मध्ये डेकर्स नावाच्या अमेरिकन कंपनीने हा ब्रँड विकत घेतला, २००० मध्ये टीव्हीवरच्या ओप्रा विनफ्रीने आपल्या आवडत्या वस्तूंच्या कार्यक्रमात हे बूट दाखवले आणि मग काय विचारता, लॉस एंजेलिसच्या उन्हात मिनी स्कर्टखाली सुद्धा लोक हे घालून फिरायला लागले. तुम्ही २००८ मध्ये बघितलेत ती त्याच लाटेची शेपटी. नंतर ते फार कॉमन झाले, कुरूप म्हणून त्यांची टिंगल झाली, आणि मग कोविडमध्ये सगळं जग घरात बसलं, मऊ आणि आरामाच्या गोष्टींना भाव आला, त्यात दोन हजारच्या दशकातले कपडे आताच्या पोरांना नव्याने सापडले, आणि बूट परत आले, फक्त आता घोट्यापर्यंतचे अल्ट्रा मिनी, जाड तळव्याचे प्लॅटफॉर्म आणि ती नक्षीची पट्टी असलेली टॅस्मन नावाची स्लिपर, असे.

म्हणजे 'ही फॅशन जाणार' हे तुमचं बरोबरच आहे. पण फॅशन जाणार म्हणून वस्तू घेऊच नये असं त्यातून निघत नाही, कुठली घ्यावी एवढंच निघतं, त्याच्याकडे येतेच पुढे.

आधी तिच्या बाबांबद्दल. जूनमधली ती एक जोडी मला माहितीय, आपल्यातल्या बहुतेकांना माहितीय, काळे बूट, सुरुवातीला एक साइज मोठे घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा. पण ताई, एक गोष्ट त्यांना शांतपणे विचारा, त्यांच्या वर्गात बाकीच्या मुलांकडे किती जोड्या होत्या? एकच ना? म्हणजे त्यांच्याकडे कमी होतं हे खरं असलं तरी ते वर्गासारखेच होते, कोणी त्यांच्या पायांकडे बघून काही ठरवत नव्हतं. तुमची लेक एक जोडी घालून वेगळी पडतेय, ते एक जोडी घालून सगळ्यांत मिसळून गेले होते. ही दोन बालपणं शेजारी ठेवून 'आमच्या वेळी' म्हणणं तिच्यावर अन्याय आहे असं मला अगदी मनापासून वाटतं. पैसे जपून वापरायचे हा त्यांचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे आणि तो त्यांनी तिला पैशांच्याच भाषेत सांगावा, म्हणजे घरात हिवाळ्याच्या कपड्यांना किती बाजूला ठेवतो, त्यात काय काय बसवतो. स्वतःच्या लहानपणाची गोष्ट सांगायची असेल तर निवांत दुसऱ्या दिवशी सांगावी, ती तिला आवडेलही, फक्त नकार म्हणून वापरू नये.

आता ती पस्तीस डॉलरची जोडी. तुम्ही लिहिलंय की तिला कदरच नाही. मला तसं नाही वाटत. तिने एकदा घातली ना? म्हणजे तुमचा मान ठेवून घातली, शाळेत गेली, तिथे काहीतरी झालं असणार, कोणीतरी टाचेमागचं लेबल बघितलं असेल, किंवा कोणी काही बोललंही नसेल आणि तिलाच दिवसभर पाय लपवावेसे वाटले असतील, आणि घरी येऊन तिने तमाशा न करता पिशवी मागे ठेवून दिली. बारा वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त समजूतदारपणाची काय अपेक्षा करणार आपण? तिला एकदा विचारा त्या दिवशी काय झालं, आणि ती सांगत असताना मध्ये उपाय सांगू नका, ऐकून घ्या फक्त. ती जोडी तिच्यावर लादू नका, डोनेशनला द्या किंवा तुम्ही वापरा.

आणि 'सगळ्यांकडे आहेत' म्हणते ना, ते 'सगळ्या' कोण हेही त्याच गप्पांत कळेल. बहुतेक वेळा त्या चार मुली असतात, पण त्या चौघींबरोबर ती डबा खाते म्हणून तिच्यासाठी त्याच सगळ्या. तिला त्या चौघींत बसायचंय ही इच्छा मला चुकीची वाटत नाही, तुम्हीही इथे आल्यावर मंडळाच्या पहिल्या दिवाळीला कुठली साडी नेसायची याचा विचार केलाच असेल. पण बूट नाहीत म्हणून त्यातली कोणी तिला बाजूला काढत असेल तर मात्र तो बुटांचा प्रश्न राहत नाही, मग शाळेतल्या काउन्सेलरशी बोला, तिथे दीडशे डॉलर खर्चून काही सुटणार नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. हे बूट बर्फासाठी नाहीत! कोरड्या थंडीत ते मस्त, पण न्यू जर्सीत हिवाळ्यात काय असतं, अर्धा वितळलेला बर्फ, चिखल, रस्त्यावर टाकलेलं मीठ. क्लासिक, म्हणजे मूळ प्रकारच्या जोडीचं कातडं पाणी पितं, मिठाचे पांढरे डाग पडतात आणि तळवा बर्फावर धरून ठेवत नाही. स्वेडवर मारायचा स्प्रे मिळतो तो पहिल्यांदा घालायच्या आधीच मारायचा, पण त्याने बूट वॉटरप्रूफ होतात असं समजू नका. (त्याच कंपनीचे वॉटरप्रूफ प्रकारही आहेत, पण मुलींना हवे असतात ते ते नव्हेतच.) त्यामुळे अग्ज घेतलेत तरी स्नो बूट वेगळे लागणारच, आणि म्हणून निर्णय असा घ्या की आधी चांगले स्नो बूट, ते आई-बाबांच्या पैशांतून, त्यावर चर्चा नाही, ती गरज आहे. हे बूट त्याच्या वरचे, आवडीचे. हा फरक तिच्यासमोर मोकळेपणाने मांडला ना की निम्मं भांडण तिथेच खाली बसतं, कारण मग तुम्ही तिची आवड खोटी ठरवत नाही आणि ती तिची आवड गरज म्हणून विकत नाही.

मग पैसे कोणाचे? मी असं करेन. हिवाळ्याच्या बुटांसाठी तुम्ही तसेही पस्तीस खर्चून मोकळे झाला होतात, तर समजा आवडीच्या जोडीसाठी चाळीस-पन्नास डॉलर घराकडून, बाकीचे तिचे, वाढदिवसाचे, दिवाळीत आजी-आत्याने हातावर ठेवलेले, शेजाऱ्यांचा कुत्रा फिरवून मिळालेले, जे असतील ते. तिला दोन-तीन महिने लागतील. त्या दोन-तीन महिन्यांत एकतर तिची इच्छा पक्की आहे हे कळेल किंवा ती विरून जाईल, आणि दोन्ही झालं तरी 'बिघडली' हा शब्द त्यात कुठेच बसत नाही. आज बूट, उद्या स्टॅनलीचा टंबलर, परवा लुलूलेमनची कमरेची बॅग, ही तुमची भीती मला समजते, खरंच समजते, पण प्रत्येक वेळी हो-नाहीचा खटला चालवत बसलात तर तो कधीच संपणार नाही, त्यापेक्षा वर्षाची एक रक्कम ठरवा आणि तिला निवडू द्या. बूट घेतले तर टंबलर नाही. हे गणित बारा वर्षांच्या मुलीला चांगलं जमतं.

खर्च कमी करायचा एक साधा मार्ग, जो दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. या बुटांत लहान मुलांच्या साइज आणि बायकांच्या साइज वेगळ्या असतात आणि मुलांच्या जोड्या बऱ्याच स्वस्त असतात, दिसायला जवळजवळ तशाच. साइजमध्ये साधारण दीड-दोनचा फरक धरायचा, म्हणजे बायकांचा सहा-सात नंबर लागणाऱ्या मुलीला मुलांचा मोठा नंबर बसू शकतो. दुकानात नेऊन घालून बघा. क्लासिकमध्ये अर्धे नंबर नसतात, अर्ध्या नंबरवाल्यांनी खालचा घ्यायचा, कारण लोकर दबते आणि कातडं सैल होतं. तिचा पाय अजून वाढतोय म्हणून मोठा नंबर घ्यायचा मोह होईल, तो इथे टाळा, सैल झाले की टाच आत सरकते आणि चाल बिघडते, यात तळपायाच्या कमानीला आधार आधीच फार कमी असतो म्हणून पायाचे डॉक्टर हे बूट दिवसभर, रोजच्या रोज घालू नका म्हणतात. आणि लाट ओसरल्यावरही उपयोगी पडावेत तर बुटका मिनी किंवा स्लिपर घ्या, जी पुढे कॉलेजच्या खोलीतसुद्धा घालता येईल. प्लॅटफॉर्म नको, पाय मुरगळायचं काम आहे ते, आणि सगळ्यात आधी तेच जुने दिसणार. तो प्रसिद्ध चेस्टनट, म्हणजे तपकिरी रंग सेलमध्ये फारसा उतरत नाही, पण एखाद्या मोसमापुरते काढलेले रंग हिवाळा सरता सरता उतरतात, तिची रंगाबद्दल तडजोड करायची तयारी असेल तर थांबा.

सत्तर टक्के सूटवाली साइट मात्र बंद करा ताई, आत्ताच. या बुटांची नक्कल वर्षानुवर्षं चालू आहे. एकतर पैसे जातात आणि काहीच येत नाही, नाहीतर आत प्लास्टिकची लोकर असलेलं काहीतरी येतं. खऱ्या जोडीत लोकर आणि कातडं एकच असतं, म्हणजे लोकर त्याच कातड्यावर उगवलेली असते, बोटांनी बाजूला केली की खाली कातडं दिसतं. डाव्या बुटाच्या आत शिवलेलं एक लेबल असतं, त्यावर क्यूआर कोड असतो, तोही तपासता येतो. तुम्ही आधी आणलेली पस्तीसची जोडी बनावट नव्हती हे लक्षात घ्या, दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेली होती, त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण खोटं लेबल लावलेली वस्तू माहीत असून लेकीच्या हातात देणं, ते नको. तिला कळेल, आणि तिच्या मैत्रिणींना तिच्याआधी कळेल.

आता नणंदेचं. हा प्रकार वेगळाच आहे आणि मला तो फार इंटरेस्टिंग वाटतो. ऑस्ट्रेलियात या प्रकारच्या कुठल्याही बुटाला अगच म्हणतात, तिथे २००६ मध्ये एका छोट्या कंपनीने हे सिद्ध करून तिथला ट्रेडमार्क रजिस्टरवरून काढायला लावला, त्यामुळे तिथले कितीतरी छोटे कारखाने त्याच नावाने बूट विकतात आणि ते खोटे नसतात. पण अमेरिकेत ते नाव डेकर्सचं. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन लेदर नावाच्या कंपनीने तिथले बूट इंटरनेटवरून अमेरिकेत विकले तर तिच्यावर इथे खटला झाला, २०१९ मध्ये शिकागोच्या ज्युरीने साडेचार लाख डॉलर नुकसानभरपाई लावली आणि पुढच्या अपिलातही ती कंपनी हरली. ज्यांच्या देशातून वस्तू आली त्यांनाच ते नाव इथे लावता येत नाही! २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला नावगाव न सांगता दाखवल्या तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो आठवतंय ना, तसंच तिथल्या लोकांना वाटत असणार. कोल्हापुरीला निदान २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, तरी आहे, तुमच्या सातारा जिल्ह्यासकट.

तर नणंदेने पाठवलेले बूट खरे असतील, कदाचित इथल्यापेक्षा चांगलेही असतील (तिथे घेताना हिरव्या-सोनेरी त्रिकोणातल्या कांगारूचा शिक्का बघायला सांगा, तिथे विकलं जाणारं सगळंच तिथे बनलेलं नसतं). पण टाचेमागचं लेबल मैत्रिणींच्या लेबलसारखं नसेल. ते तुमच्या लेकीला चालेल का हे तिलाच विचारा, फोटो दाखवून, आधी. तिला ही कोर्टाची गोष्ट सांगितलीत तर कोण जाणे, तिला तेच जास्त भारी वाटेल, मुलींना अन्यायाच्या गोष्टी पटकन भिडतात. पण नाही म्हणाली तर ते नाही ऐका, सरप्राइज म्हणून आणून परत पस्तीस डॉलरचा प्रसंग करू नका. आणि पार्सलपेक्षा आत्या येताना एक जोडी स्वतःच्या बॅगेत घेऊन आली तर कस्टमची कटकट कमी.

शेवटी सासूबाई, म्हणजे माझ्या उत्तरात शेवटी, माझ्या मते त्यांचं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. बाकी दोघं पैशांबद्दल बोलतायत, त्या जिवाबद्दल बोलतायत. घोंगडीही मेंढीचीच की, असं म्हणून त्यांना गप्प करू नका, कारण घोंगडीची लोकर कातरून घेतात आणि मेंढरू परत चरायला जातं, इथे लोकरीसकट कातडं घेतात म्हणजे जनावर मारलेलंच असतं. कंपन्या म्हणतात हे मांसाच्या व्यवसायातून उरलेलं कातडं आहे आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण कातड्याचे पैसे त्याच व्यवसायात जातात हेही खरं. अभिनेत्री पामेला अँडरसन, जिने एकेकाळी हे बूट घालून त्यांना प्रसिद्धी दिली, तिने सुद्धा हे मेंढीचं कातडं आहे हे कळल्यावर जाहीरपणे सोडून दिले. तेव्हा सासूबाईंचा आक्षेप जुनाट वगैरे काही नाही, तो आजचाच आहे. घरात चामड्याचे पट्टे, पर्स, गाडीच्या सीट असतील तर तोही प्रश्न आहेच, पण तो तुम्ही त्यांच्यावर फेकू नका, नातीला आणि आजीला बसून बोलू द्या. आजीने तिला सांगावं की मला याचा त्रास का होतो, नातीने सांगावं की मला ते का हवेत. त्यानंतर लेक स्वतःच म्हणाली की मला कृत्रिम लोकरीचे चालतील तर तसे पुष्कळ मिळतात, चांगल्या ब्रँडचे सुद्धा, फक्त त्यात पाय जास्त घामेजतात, मोजे घालावे लागतील. आणि ती मेंढीच्याच बुटांवर ठाम राहिली तर निदान एवढं ठरवा की बूट दाराशी राहतील. हे सांगावं लागतंय कारण मुली हे घरातही स्लिपरसारखे घालून फिरतात, सोफ्यावर, किचनमध्ये, आणि देवघरासमोरून ते बूट गेले की सासूबाईंना जे वाटेल ते सहा महिने घरात साचत राहील. दाराशी एक रॅक, तिथून पुढे साधे मोजे, हा नियम पाहुण्यांनाही लावता येतो.

तुमच्यासारख्याच प्रसंगात असलेल्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी, घेतलेच तर. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, कातडं कडक होऊन चिरतं. ओले झाले तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, हीटरजवळ किंवा ड्रायरने नाही. मिठाचा डाग पडला तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन फडक्याने हलक्या हाताने टिपा, वाळल्यावर स्वेडचा ब्रश फिरवा. ही कामं लेकीची, आईची नाहीत, हे खरेदीच्या आधीच बोलून घ्या.

आणि ताई, नवऱ्याशी बोलताना आधी स्नो बूटचं बोला. ते त्यांना लगेच पटेल, मग बाकीचा हिशेब कागदावर मांडून लेकीलाच त्यांच्यासमोर बसवा. तिचे किती जमलेत, घराकडून किती, काय सोडायला तयार आहे, हे तिने स्वतः सांगू दे. तुम्ही मध्ये बोलू नका, चहा घेऊन बसा.